गोपाळरावची शिट्टी

१

हजेरीबाबू बाबाराव राख पाडायच्या खड्ड्यात सापडले, तेव्हा मंडपात माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत होता आणि साहेबांच्या सरबतासाठी आणलेला बर्फ वितळत चालला होता. बाबारावांचं डोकं मागून फुटलं होतं. खड्ड्याच्या काठावरच्या रुळाला रक्त लागलं होतं. आणि त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसला होता लहानू खलासी, हातात पॉइंटमनचा जुना कंदील घेऊन. ज्यांनी हे पाहिलं, त्यांना डोक्याला ताण द्यायची गरजच पडली नाही.

साल अठ्ठ्याहत्तर, महिना मे. नागपूरच्या छोट्या लाइनीवरचं वाफेचं शेवटचं इंजिन त्या दुपारी शेवटची गाडी घेऊन आलं होतं. उद्यापासून डिझेल. स्टेशनावर हारतुरे झाले, डबे तिथेच राहिले, आणि रिकामं इंजिन टेकाडाला वळसा घालून शेडमध्ये परतणार होतं. तिथे भाषणं होती आणि संग्रहालयाचं उद्घाटन.

संग्रहालय म्हणजे रेल्वे क्लबाची एक खोली. पण शेडलाइनच्या लोकांना त्या खोलीचा केवढा अभिमान! ही वस्ती इंजिनाच्या पाठोपाठ आलेली. कुठल्याशा दुष्काळात गोऱ्या साहेबांनी इथे रूळ टाकले, इंजिनांना छप्पर बांधलं, आणि त्या छपराच्या आडोशाला पोटं भरायला माणसं आली. कुणी भंडाऱ्याकडची, कुणी छत्तीसगडातली, कुणी थेट मद्रासकडची. इथे देवळाआधी पाण्याची टाकी झाली, आणि घड्याळं तर कुणाकडे नव्हतीच. टेकाडाच्या वळणावर प्रत्येक ड्रायव्हर आपली शिट्टी द्यायचा. कुणाची आखूड, कुणाची लांब, कुणाची घोगरी. ती ऐकून त्याची बायको चुलीवर तवा ठेवायची. गोपाळराव ड्रायव्हरची शिट्टी सगळ्यांत देखणी. लांब सूर, मग तो थरथरत खाली यायचा आणि शेवटी एकदम वर उचलला जायचा. वस्तीतली लेकरं ती तोंडाने वाजवायची.

बाबारावांनी वर्षभर खपून खोली भरली होती. पितळी पाट्या, टोप्या, घंटा आणि एक कंदील. तो लहानूच्या बापाचा, दादाजी पॉइंटमनचा. पुष्कळ वर्षांपूर्वी दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, माणसं मेली, आणि चौकशीत ठपका आला दादाजीवर, की त्याने रुळांचा सांधा चुकीचा दिला. नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि नाल्यापलीकडच्या टिनाच्या खोपटात दादाजी दारू पिऊन मेला. त्या कंदिलाखाली बाबारावांनी पुठ्ठा लावला होता: 'ज्याच्या चुकीने अपघात झाला, त्याचा कंदील.' त्यावरून लहानूने आठवड्याआधी भर चौकात बाबारावांची गचांडी धरली होती.

चंद्रभान गजभिये त्या वेळी मंडपात होता. जन्मभर गार्ड म्हणून शेवटच्या डब्यात उभा राहिलेला माणूस. निवृत्त झाला तरी मागे वळून पाहायची सवय सुटली नव्हती. गोपाळरावची शिट्टी त्यानेही ऐकली होती. ऐकून डोळे पुसले होते. थोड्याच वेळात इंजिन आत आलं, गोपाळराव उतरले, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि तेवढ्यात खड्ड्याकडून ओरड आली.

पोलिसांनी लहानूला उचललं. गाडीत चढता चढता तो चंद्रभानला एवढंच म्हणाला, "काका, शिट्टी वाजली तवा मी त्याईच्याजवळच बसून होतो. आधीच पडले होते ते."

२

दुसऱ्या दिवशी लहानूची आई दारात. पार्वतीबाई आणि चंद्रभान एकाच वर्षी, एकाच मैदानावर बुद्धाला शरण गेलेले. तेव्हापासून ती त्याला भाऊजी म्हणायची. रडून आवाज बसला होता.

"नवरा असाच गेला, भाऊजी. कोणी तोंड उघडलं नाही. आता पोरगा चालला. तुम्ही तं सबन लाइन पाह्यली. तुम्हीच पाहा."

चंद्रभानला नाही म्हणवेना. खरं म्हणजे त्यालाही लहानूच वाटत होता. पण पोराचं ते वाक्य त्याच्या मनातून जात नव्हतं. शिट्टीच्या आधीच मेले असतील, तर मारणारा शिट्टीआधी शेडच्या मागच्या अंगाला, खड्ड्याजवळ होता. तिथून त्या वेळी सगळे मंडपाकडे आलेले.

पहिला संशय भैय्याजीवर. इतवारीतला पितळ-भंगारवाला, पाट्यांसाठी बाबारावांच्या मागे लागला होता, दोनदा हाकलूनही दिलं होतं त्याला. पण भैय्याजी स्टेशनपासून साहेबांच्या मोटारीत होता, इंजिनांच्या लिलावाचं बोलणं काढत. वरून हसला. म्हणाला, दोनचार पाट्यांसाठी मी कशाला कुणाच्या जिवावर उठू, आता तर अख्खी इंजिनंच माझ्याकडे कापायला येऊन राहिली.

मग चंद्रभान बाबारावांच्या घरी गेला. त्यांची मुलगी प्रेमिला शाळेत शिकवायची. बाप गेल्याचं दुःख आणि लहानूवरचा राग, दोन्ही तिच्या तोंडावर होतं. कंदिलाचं नाव काढताच ती उसळली. बाबांनी दोन दिवस बसून राख-चिंचेने तो घासला, नवी वात घातली, तो पुठ्ठासुद्धा स्वतःच्या हाताने फाडून टाकला, आणि त्याच कंदिलासाठी या माणसाने त्यांचा जीव घ्यावा?

"पुठ्ठा फाडला?" चंद्रभानने विचारलं.

फाडला. इतकंच नाही, पार्वतीबाईसाठी पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारी खुर्ची ठेवायला सांगितली होती. आमंत्रणही धाडलं होतं. अपमान करायला बोलावतात म्हणून ती आली नाही.

चंद्रभान उन्हातच बराच वेळ उभा राहिला. ज्याला चार माणसांत बदनाम करायचं, त्याचा कंदील कुणी दोन दिवस घासत नाही, आणि त्याच्या बायकोला साहेबांशेजारी बसवत नाही. बाबाराव भाषणात दादाजीचं नाव धुऊन काढणार होते. आणि त्या अपघातात दोनच माणसांवर बोट ठेवता येत होतं. एक सांधा देणारा, आणि दुसरा सिग्नल पाहून गाडी हाकणारा.

हाकणारे गोपाळराव होते.

३

चंद्रभानला स्वतःचाच राग आला. गोपाळराव त्याचा जिवाचा माणूस. निम्मी नोकरी दोघांनी एकाच गाडीवर काढली; एकाने पुढून, दुसऱ्याने मागून. आणि मुख्य म्हणजे गोपाळराव इंजिनावर होते. शिट्टी सगळ्या वस्तीने ऐकली होती. वस्तीत कुणालाही विचारा, तो छातीवर हात ठेवून सांगेल की गोपाळराव त्या वेळी टेकाडाच्या वळणावर होते.

तरी तो फाटकावर गेला. टेकाडाच्या अलीकडे कांताबाई फाटकवाली. तिच्यासमोरून इंजिन गेलं होतं. तिने तक्रारींचा पाढाच वाचायला घेतला. इतकी वर्षं गोपाळराव जाता-येता तिच्या चुलीसाठी कोळशाचं ढेकूळ खाली लोटत आले. ती झेंडी दाखवायची, ते कोळसा टाकायचे, असा रिवाजच होता. आणि शेवटच्या दिवशी, जेव्हा आठवण म्हणून तरी मोठं ढेकूळ टाकायचं, तेव्हा काहीच नाही.

"झेंडी धरून उभी राह्यली बापा मी. पाह्यलंबी नाही कोनं. अन् धुपट तं इतकं काळं, का मले इंजिन दिसे ना, मानसं दिसे ना. वाळत घातलेले कपडे सारे खराब झाले."

तिला वाटलं, दुःखात विसरले असतील. चंद्रभानला तसं वाटलं नाही. देवाजी फायरमन हा लाइनीवरचा नावाजलेला माणूस; त्याच्या हातचा धूर पांढरा निघायचा, कोळसा पसरायचा तर तो त्यानेच. इंजिनातून काळा धूर केव्हा येतो? फावडं मारणारा फावड्याजवळ नसतो तेव्हा. आणि कोळसा टाकायला हात केव्हा मोकळा नसतो? एकाच माणसाला दोघांचं काम पडतं तेव्हा.

परतताना तो गोपाळरावांच्या घरी थांबला. ते झोपले होते. त्या दिवसापासून झोपूनच असतात, जेवत नाहीत, असं त्यांच्या बायकोने, जिजाबाईने सांगितलं. चहा देता देता ती घरातलं काहीबाही बोलत राहिली. शिट्टी ऐकून तिने तवा ठेवला होता, शेवटचा म्हणून तव्याची पूजासुद्धा केली होती. मग त्या गडबडीत कोण जेवतो. रात्रीचे कपडे सकाळी धुतले, तर प्यांटीत गुडघ्यापर्यंत कुसळं. उपटता उपटता बोटं सोलून निघाली.

"इंजिनावर कुसळं कुठून आले वं वहिनी?" चंद्रभानने सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिने कप खाली ठेवला. मग तिने उठून नवरा झोपला होता त्या खोलीचं दार लोटून घेतलं.

स्टेशनाच्या यार्डापासून शेडच्या मागच्या अंगाला एक पायवाट येते. टेकाडाचा वळसा चुकतो. त्या वाटेवर मे महिन्यात बाभळी आणि वाळल्या कुसळांशिवाय दुसरं काही नसतं.

४

देवाजी फायरमन डिझेलच्या ट्रेनिंगची वाट पाहत घरी बसला होता. चंद्रभानने त्याला आडून काही विचारलं नाही. कोळसा, धूर, कुसळं, तिन्ही गोष्टी त्याच्यासमोर मांडल्या.

देवाजी भिंतीकडे तोंड करून बसला. मग बोलू लागला. स्टेशनाबाहेर यार्डाच्या टोकाला सिग्नल मिळेना, इंजिन उभं होतं. गोपाळराव म्हणाले, देवाजी, हिले शेडमध्ये शेवटचं नेऊन ठेवनं माह्याच्यानं होत नाही, तू आन हळूहळू, मी पायी येतो. देवाजीला त्यात वावगं वाटलं नाही. ज्या माणसाने जन्म एका इंजिनावर काढला, त्याला तेवढं दुःख होणारच. पुढे शेडच्या अलीकडे ते पुन्हा वर चढले. घामाने भिजलेले, इंजिनाला हात लावेनात. तेही दुःखच वाटलं.

"अन् शिट्टी?"

देवाजीचे डोळे भरून आले. "मीच देल्ली. इतकी वर्सं बाजूले उभा राहून आयकली होती, हाताले आपोआप येते. म्हनलं, वहिनी तिकडं वाट पाहून राहिली असन. शेवटच्या दिवशी मुकं इंजिन कसं न्याचं घरी?"

म्हणजे कट वगैरे काही नव्हता. एका माणसाने मायेपोटी शिट्टी वाजवली, आणि साऱ्या वस्तीने कानांनी ऐकलेलं डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं. चंद्रभाननेही. बाहेरगावचा माणूस असता तर म्हणाला असता, इंजिनाची शिट्टी ऐकली. शेडलाइनचा माणूस म्हणतो, गोपाळरावची ऐकली. नेमका त्यातच लहानूचा गळा अडकला होता.

"चाल पोलिसात," चंद्रभान म्हणाला.

देवाजीने मान हलवली. ड्रायव्हराविना इंजिन हाकलं, हे कबूल केलं की नोकरी गेली. उतारवयाला लागलेला माणूस, दोन मुली लग्नाच्या. आणि गोपाळरावांनी त्याला हाताला धरून काम शिकवलेलं. "मी इथं बोललो, गार्डबाबू. तिथं बोलनार नाही. मंग माहे दात पाडा."

५

आता उरले गोपाळराव. चंद्रभानने त्यांना क्लबामागच्या पाण्याच्या टाकीखाली बोलावलं. ऊन उतरलं होतं. गोपाळराव आले ते म्हातारे होऊन आले.

चंद्रभानने एकच गोष्ट विचारली. कधी तुझ्या इंजिनावर चढलो की मी पाहायचो, सिग्नल दिसला की तू आधी फायरमनला रंग सांगायला लावायचा, मग स्वतः म्हणायचा. मला वाटायचं, काय शिस्त आहे. ती शिस्त होती का?

गोपाळराव खाली बसले. "मले लाल-हिरवं कधीच ओळखू नाही आलं गा," ते म्हणाले. "डॉक्टरचं तपासणीचं रंगाचं पुस्तक पाठ केलं होतं. अपघाताच्या दिवशी फायरमन नवा होता. त्याले इचारलं, तो बोललाच नाही. मले वाटलं, हिरवा असन."

दादाजीने सांधा बरोबर दिला होता. सिग्नल लाल होता. चौकशीत एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध होता, आणि ड्रायव्हरपुढे पॉइंटमनच्या शब्दाला कोण विचारतं, त्यातून महारवाड्यातल्या. बाबारावांनीही तो निकालच खरा धरला होता. गेल्या आठवड्यात त्या फायरमनने मरताना त्यांना सगळं सांगितलं. पुठ्ठा त्याआधीचा. शेवटच्या दिवशी सकाळी बाबाराव माणुसकीने गोपाळरावांना म्हणाले, मी आज बोलणार आहे, तू तयार राहा.

दुपारी बाबाराव कंदील घेऊन मंडपाकडे निघाले होते; गोपाळरावांनी त्यांना खड्ड्याजवळ गाठलं, पाया पडायला. फक्त शेडातला सत्कार होऊ दे, मग कधी बोल, म्हणून. बाबारावांनी पाय सोडवून घेतले. यांनी पुन्हा धरले. झटापट झाली, यांनी ढकललं, आणि मागे खड्डा होता. गोपाळराव घाबरून वाटेने परत पळाले, तेव्हा टेकाडावरून त्यांना स्वतःची शिट्टी ऐकू आली.

"त्या शिट्टीनं मले वाचवलं असं वाटलं," ते म्हणाले. "मंग पोट्ट्याले नेताना पाह्यलं. तवापासून घास उतरत नाही. मी उद्या जातो ठाण्यात."

चंद्रभानला इतक्या वर्षांच्या मैत्रीचं काय करावं ते कळेना. राग होता, कीव होती. आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. तो पार्वतीबाईकडे गेला आणि म्हणाला, पोरगा घरी येईल.

६

गोपाळराव खरोखर गेले. धुतलेला पांढरा सदरा घालून, सकाळी, एकटे. फौजदारासमोर सगळं सांगितलं.

फौजदार वाईट नव्हता. त्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, बाबा, तुमचं मन मोठं आहे, पण असं कुणाचा गुन्हा अंगावर घेता येत नाही. पंचनाम्याच्या दिवशी अर्ध्या वस्तीने तुम्ही इंजिनावर होतात म्हणून सांगितलंय. देवाजीला बोलावलं. देवाजी जमिनीकडे पाहत म्हणाला, गोपाळराव इंजिनावर होते, साहेब. जिजाबाईने कुसळांचं नाव काढलं नाही. कपडे धुतलेले, कुसळं चुलीत गेलेली. कांताबाई म्हणाली, धुरात मला माणसं दिसली नाहीत, पण गोपाळराव नसतील तर मग शिट्टी कुणी दिली?

चंद्रभान फौजदाराशी भांडला. देवाजीला इंजिनावर चढवा, म्हणाला, आणि वाजवायला लावा. सगळ्या वस्तीला डोळे मिटून ऐकू द्या. फौजदाराला ते पटलंही. दोघं जीपमधून शेडात गेले. भैय्याजीच्या माणसांनी गॅसने इंजिनाचे तुकडे करून ट्रकात भरले होते. शिट्टीचं पितळ सगळ्यांत आधी गेलं होतं. डिझेलचा भोंगा ड्रायव्हर कुणीही असो, एकसारखाच वाजतो.

वस्तीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दादाजीच्या पोराला वाचवायला गोपाळराव फासावर जायला निघाले! असा देवमाणूस शेडलाइनमध्ये झाला नाही. गोपाळराव ज्याला त्याला थांबवून सांगायचे की अरे, मीच मारलं; आणि लोक त्यांना हाताला धरून सावलीत बसवायचे. संग्रहालय उघडलं तेव्हा दारासमोर त्यांचा फोटो लागला. कंदील पोलिसांकडे मुद्देमालात जमा होता.

कोर्टात चंद्रभानची साक्ष झाली. सरकारी वकिलाने विचारलं, शिट्टी ऐकली? ऐकली. कुणाची? चंद्रभान म्हणाला, गोपाळरावची. पण वाजवली देवाजीने. तुम्ही देवाजीला वाजवताना पाहिलं? नाही. मग ऐकताक्षणी तुम्हाला काय वाटलं होतं, शपथेवर सांगा. चंद्रभान शपथेवर खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, गोपाळराव आला असं वाटलं होतं. वकील बसला. लहानूला जन्मठेप झाली.

निकालानंतर चंद्रभान नाल्यापलीकडे खोपटात गेला. पार्वतीबाई तांदूळ निवडत होती, एकटीपुरते. ती रडली नाही. चंद्रभानलाच रडू आलं. मला सगळं समजलं आणि काहीच करता आलं नाही, असं तो म्हणाला. तिने सूप पुढे ओढलं. मग म्हणाली, "एक काम करा, भाऊजी. तो गोपाळराव रोज येते इथं. दारात उभा राहून माफी मांगते. मी म्हनत नाही का खोटं बोलते. पन त्याले सांगा, येत नको जाऊ. मले सहन होत नाही."

"माफी मागतो ते?"

"माफीचं काही नाही," ती म्हणाली आणि सुपातला खडा बाहेर टाकला. "तुम्ही पाहा ना बाहेर."

चंद्रभानने वाकून पाहिलं. गोपाळराव उन्हात हात जोडून उभे होते, आणि नाल्याकडून आलेली एक बाई आपलं लेकरू त्यांच्या पायावर घालत होती.